ओहोटीला लावलेले गळ

समुद्र मागे हटला की ओल्या वाळूत काठ्या रोवायच्या, त्यांच्यामध्ये दोर ताणायचा, दोराला आमिष लावलेले गळ टांगायचे आणि घरी जाऊन झोपायचं. रात्रीतून भरती येते, ओसरते. मग जाऊन बघायचं, काय लागलंय ते. नील जॉर्डनच्या १९९४ सालच्या ‘सनराइज विथ सी मॉन्स्टर’ या कादंबरीत बाप आणि लेक हे काम करतात. एकमेकांशी धड बोलता न येणाऱ्या त्या दोघांना जोडीनं जमणारं हे एक काम. अमेरिकेत ही कादंबरी निघाली तेव्हा तिचं नावच ‘नाइटलाइन्स’ ठेवलं गेलं.

जॉर्डनची पन्नास वर्षांची कामगिरी एकत्र मांडून बघायला बसलं की मला हा दोर आठवतो. या माणसाचं बहुतेक सगळं उशिरा हाती लागलेलं आहे. गोष्ट लिहायची, ती पडून राहणार, मध्ये दहा-पंधरा वर्षं जाणार आणि मग एक दिवस तीच गोष्ट पडद्यावर येणार, वेगळ्याच अंगानं. त्याच्याबद्दलचा जुना प्रश्न असा की सिनेमानं आयर्लंडचा एक चांगला कादंबरीकार पळवला का? प्रश्न चुकीचा नाही. पण तो विचारणारे बहुधा पुस्तकं एका फळीवर आणि चित्रपट दुसऱ्या फळीवर ठेवून मोजणी करतात. दोन्ही एका फळीवर ठेवले तर हिशेब निराळा लागतो.

जन्म २५ फेब्रुवारी १९५०, स्लायगो परगण्यातल्या रॉसेस पॉइंट या समुद्रकाठच्या गावचा. वाढला डब्लिनच्या क्लॉनटार्फ भागात, म्हणजे पुन्हा खाडीकाठीच. आई चित्रकार, वडील शिक्षणक्षेत्रातले. युनिव्हर्सिटी कॉलेज डब्लिनमध्ये त्यानं आयरिश इतिहास आणि इंग्रजी साहित्य असे विषय घेतले. क्लॉनटार्फमध्येच १८४७ साली ब्रॅम स्टोकर जन्मला, ‘ड्रॅक्युला’चा कर्ता. ज्या पोराच्या वस्तीतच असं घर, त्यानं पुढे रक्तपिपासूंवर दोन चित्रपट काढले यात नवल नाही. ‘मिस्टेकन’ (२०११) या कादंबरीत तर नायक स्टोकरच्या घराशेजारीच वाढतो.

सत्तरच्या दशकात आयर्लंडमध्ये नव्या कथाकाराला प्रकाशक मिळणं कठीण होतं. हस्तलिखित घेऊन लंडन गाठायचं, हा रिवाज. १९७४ साली जॉर्डन, डेझमंड होगन आणि त्यांच्या मित्रांनी मिळून लेखकांची सहकारी संस्था काढली, ‘आयरिश रायटर्स को-ऑपरेटिव्ह’. आपली पुस्तकं आपणच छापायची. १९७६ साली तिथून जॉर्डनचा ‘नाइट इन ट्युनिशिया’ हा कथासंग्रह आला आणि १९७९ मध्ये त्याला गार्डियन फिक्शन प्राइझ मिळालं. शीर्षककथेत समुद्रकाठच्या सुट्टीत एक वयात येणारा मुलगा आहे आणि डान्स बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवणारा त्याचा बाप. बापाला वाटतं, पोरानं वाद्य हातात घ्यावं. पोरगा घेत नाही. मग रेडिओवर चार्ली पार्करचा सॅक्सोफोन ऐकू येतो. कथेत याहून फार काही ‘घडत’ नाही. पण पत्र्याचं घर, उन्हाचा कडकपणा, वाळू, बापाचं न बोलता बघत राहणं हे सगळं वाचताना कानापेक्षा डोळ्याला जास्त काम पडतं.

‘द पास्ट’ (१९८०) या पहिल्या कादंबरीतही निवेदक आपल्या जन्माआधीचा काळ जुन्या फोटोंवरून आणि पोस्टकार्डांवरून उभा करायला बघतो. ‘द ड्रीम ऑफ अ बीस्ट’ (१९८३) मध्ये उष्म्यानं आणि वाढलेल्या झाडोऱ्यानं गुदमरलेल्या शहरात जाहिरातधंद्यातला एक गृहस्थ हळूहळू जनावर होत जातो. म्हणजे कॅमेऱ्याला हात लावण्याआधीच याच्या गद्यात चित्रं होती. कधीकधी जरा जास्तच होती, हेही सांगायला हवं. ‘द पास्ट’ मला दोन बैठकांत वाचवली नाही. प्रत्येक वाक्य फ्रेम करून भिंतीला टांगायचं म्हटलं की वाचणारा चालणार कुठून?

सिनेमाकडे तो वळला तेव्हा आयर्लंडमध्ये सिनेमाचा धंदा असा नव्हताच. ब्रे इथला आर्डमोर स्टुडिओ १९५८ पासून होता, पण तिथे यायचे ते मुख्यतः परदेशी. विकलो परगण्यात राहणारा इंग्रज दिग्दर्शक जॉन बूरमन ‘एक्सकॅलिबर’ (१९८१) करत होता. त्यानं जॉर्डनला मदतीला घेतलं आणि त्या चित्रीकरणावर जॉर्डननं माहितीपट केला. याच सुमारास त्याची ‘ट्रॅव्हलर’ ही पटकथा दुसऱ्या दिग्दर्शकानं चित्रित केली. लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती गेलं की त्याचं काय होतं, ते त्याला कळलं. पुढची पटकथा त्यानं स्वतःजवळ ठेवली.

ती ‘एंजल’ (१९८२). उत्तर आयर्लंडमधल्या एका नृत्यगृहाबाहेर बँडच्या मॅनेजरचा आणि एका मूक मुलीचा खून होतो. ते बघणारा सॅक्सोफोनवादक मारेकऱ्यांच्या मागे लागतो आणि त्याच्या हातात वाद्याऐवजी बंदूक येते. ‘नाइट इन ट्युनिशिया’तला सॅक्सोफोन तो हाच. नव्यानं स्थापन झालेल्या आयरिश फिल्म बोर्डानं आपले सुरुवातीचे मोठे पैसे याच चित्रपटाला दिले. बूरमन बोर्डावरही होता आणि चित्रपटाच्या निर्मितीतही, त्यामुळे बाकीचे धडपडे दिग्दर्शक खवळले. त्यांचा राग समजण्यासारखा होता. वर्षानुवर्षं सोळा मिलिमीटरवर पदरमोड करणारे बाजूला राहिले आणि एका कथाकाराला पहिल्याच फटक्यात पैसे मिळाले. डब्लिनमधल्या काही जणांनी ही गोष्ट त्याला बरीच वर्षं विसरू दिली नाही.

‘द कंपनी ऑफ वुल्व्ज’ (१९८४) त्यानं अँजेला कार्टरबरोबर लिहिला, तिच्याच कथेवरून. लाल टोपीवाल्या मुलीची आणि लांडग्याची परीकथा, पण स्वप्नात आजी गोष्ट सांगते, गोष्टीतला माणूस आणखी एक गोष्ट सांगतो, अशी वेताळपंचविशीसारखी गोष्टीच्या पोटात गोष्ट. पैसे बेताचे. अख्खं जंगल लंडनजवळच्या शेपर्टन स्टुडिओत अँटन फर्स्टनं उभारलं आणि लांडगे म्हणून बहुतेक ठिकाणी रंगवलेले बेल्जियन शेफर्ड कुत्रे पळवले. पडद्यावर बघताना ते कुत्रे आहेत हे कधीकधी कळतं. काही बिघडत नाही. ‘मोना लिसा’ (१९८६) नं बॉब हॉस्किन्सला कान महोत्सवात अभिनयाचं पारितोषिक मिळवून दिलं. तुरुंगातून सुटलेला एक गुंड महागड्या वेश्येचा ड्रायव्हर होतो, तिच्या प्रेमात पडतो आणि ती कोण आहे हे त्याला शेवटपर्यंत समजत नाही. इथून जॉर्डनचा सगळ्यात आवडता माणूस सुरू होतो: दुसऱ्याकडे बघणारा, त्याच्याबद्दल खात्री असलेला आणि साफ चुकलेला.

मग हॉलिवूड. ‘हाय स्पिरिट्स’ (१९८८) निर्मात्यांनी संकलनात इतका बदलला की त्यानं तो आपला मानला नाही. ‘वुई आर नो एंजल्स’ (१९८९) रॉबर्ट डी निरो आणि शॉन पेन असूनही पडला. परतून त्यानं ब्रे इथे ‘द मिरॅकल’ (१९९१) केला: समुद्रकाठचं गाव, वयात येणारा मुलगा, सॅक्सोफोन वाजवणारा बाप. पंधरा वर्षांपूर्वी टाकलेला गळ.

त्याच्या पुढचा गळ तर दहा वर्षं पाण्यात होता. फ्रँक ओ’कॉनरची १९३१ सालची ‘गेस्ट्स ऑफ द नेशन’ ही कथा आयर्लंडमध्ये सर्वांना ठाऊक असते. ओलीस धरलेले दोन इंग्रज शिपाई आणि त्यांचे आयरिश पहारेकरी रोज पत्ते खेळतात, त्यांची मैत्री जमते आणि मग त्यांना गोळ्या घालायचा हुकूम येतो. जॉर्डननं ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला याच धाग्यावर ‘द सोल्जर्स वाइफ’ नावाची पटकथा सुरू केली. ती अर्ध्यावर अडकली. शिपाई मेल्यावर पुढे काय, हे सापडेना. सापडलं तेव्हा ‘द क्राइंग गेम’ (१९९२) झाला.

पहिल्या अर्ध्या तासातला एक प्रसंग आहे. काचेच्या जुन्या रोपघरात ब्रिटिश सैन्यातला कृष्णवर्णीय शिपाई जोडी बांधून ठेवलाय, डोक्यावर कापडी पिशवी. पहारा आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेतल्या फर्गसचा. जोडीला गुदमरायला होतं म्हणून फर्गस पिशवी नाकापर्यंत वर करतो. मग खायला घालताना आणखी थोडी. मग जोडीला लघवीला लागते. हात पाठीमागे जखडलेले. फर्गसला त्याची पँट उघडावी लागते, सगळं करावं लागतं, परत बंद करावी लागते. दोघं आधी संकोचानं आणि नंतर हसून हसून बेजार. याच्यानंतर गोळी घालणं फर्गसला जमणार नाही हे आपल्याला तिथेच कळतं, आणि एक शब्दही कुणी राजकारणावर बोललेलं नसतं. पुढे हे दोघं खेळांवरून वाद घालतात. जोडी क्रिकेटवाला, गोलंदाज. फर्गसचा खेळ हर्लिंग. मी हा चित्रपट पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्रिकेटनंच मला धरून ठेवलं. मेलेला जोडी फर्गसच्या स्वप्नात येतो तो पांढऱ्या कपड्यांत, धावत येऊन चेंडू टाकताना. लंडनला पळून गेलेला फर्गस बांधकामावर मजुरी करतो, तिथून खाली दिसतं तेही क्रिकेटचं मैदान.

आणि डिल. जोडीच्या पाकिटातल्या फोटोतली, लंडनमध्ये केस कापण्याचं काम करणारी. आता इथे मराठीत लिहिणाऱ्याची पंचाईत होते. इंग्रजीत क्रियापदाला लिंग नसतं. मराठीत डिल आली की आला, म्हणाली की म्हणाला, हे पहिल्याच वाक्यात ठरवावं लागतं. भाषाच तुम्हाला बाजू घ्यायला लावते. गुपित आता तीस वर्षांहून जुनं आहे: डिलचं शरीर पुरुषाचं आहे आणि हे आपल्याला फर्गसबरोबरच, त्याच क्षणी कळतं. मी ‘ती’च लिहिणार, गुपित राखण्यासाठी नाही, तर डिल स्वतःला तसंच म्हणते म्हणून. फर्गसचा पुढचा सगळा प्रवास या एका शब्दाशी येऊन पोहोचण्याचा आहे. तो पोहोचतो, आणि तिनं केलेल्या खुनाबद्दल तुरुंगात जातो.

गंमत म्हणजे गुपित राखणं हे गद्यलेखकाचं कसब. कागदावर वाचणाऱ्यापासून काहीही लपवता येतं, पडद्यावर सगळं उघडं. जॉर्डननं ते कागदावरचं कसब भर उजेडात, कॅमेऱ्यासमोर चालवून दाखवलं. ब्रिटनमध्ये चित्रपट फारसा चालला नाही. त्याच वर्षी निर्माता स्टीफन वूली याची पॅलेस पिक्चर्स ही कंपनी बुडाली. अमेरिकेत मात्र ‘शेवट कुणाला सांगू नका’ या एका वाक्यावर त्यानं सहा कोटी डॉलरहून जास्त धंदा केला. सहा ऑस्कर नामांकनं मिळाली आणि त्यांतच गुपित फुटलं, कारण डिलची भूमिका करणारा जे डेव्हिडसन सहायक अभिनेत्यांच्या यादीत होता. १९९३ साली मूळ पटकथेचं ऑस्कर जॉर्डनला मिळालं. १९८७ मध्ये बंद केलेलं फिल्म बोर्ड सांस्कृतिक खात्याचे मंत्री मायकेल डी. हिगिन्स यांनी त्याच वर्षी पुन्हा उभं केलं. हेच हिगिन्स पुढे राष्ट्राध्यक्ष झाले.

तक्रारीही रास्त आहेत. आयआरएची ज्यूड हे पात्र इतकं थंड आणि एकपदरी आहे की खरी स्त्री तेवढी विषारी आणि माया सगळी डिलच्या वाट्याला, असा आरोप झाला. मला तो पटतो. जॉर्डनच्या बायका बऱ्याचदा कोडं म्हणून येतात. कोडं सोडवणारा पुरुष असतो. जिथे तो स्त्रीला कोड्यातून मोकळी करतो, उदाहरणार्थ ‘बायझँटियम’मधल्या (२०१२) दोनशे वर्षं जगणाऱ्या मायलेकी, तिथे तो जास्त चांगला वाटतो.

‘इंटरव्ह्यू विथ द व्हँपायर’ (१९९४) बद्दल थोडक्यात. कादंबरीची लेखिका अ‍ॅन राइस टॉम क्रूझच्या निवडीवर जाहीरपणे संतापली, चित्रपट बघून तितक्याच जाहीरपणे नमली. जगभरात वीस कोटी डॉलरहून जास्त कमाई झाली. तिचं खरं फळ वेगळंच निघालं. स्टुडिओ खूश झाला आणि दहा-बारा वर्षं धूळ खात पडलेली दुसरी एक पटकथा बाहेर आली.

‘मायकेल कॉलिन्स’ (१९९६) सुरू होतो १९१६ च्या ईस्टर उठावाच्या शरणागतीपासून. डब्लिनमध्ये हे चाललं होतं त्याच एप्रिलच्या अखेरीस बेळगावात टिळकांची होमरूल लीग स्थापन होत होती; ‘होमरूल’ हा शब्दच आयरिशांकडून आलेला. आपल्याकडच्या वाचकाला कॉलिन्सची कथा म्हणूनच फार समजावावी लागत नाही: गुप्त लढा, वाटाघाटी, फाळणी आणि मग कालपर्यंतच्या सोबत्यांनी एकमेकांवर रोखलेल्या बंदुका. १९२१ च्या तहात सहा परगणे बाहेर राहिले, तह आणणारा कॉलिन्स २२ ऑगस्ट १९२२ रोजी कॉर्क परगण्यात दबा धरून केलेल्या हल्ल्यात मारला गेला, वय ३१. चित्रीकरणाच्या वेळी हजारो डब्लिनकर गर्दीत उभं राहायला आपण होऊन आले. आजोबा-पणजोबांनी पाहिलेलं त्यांना एकदा स्वतः बघायचं होतं. व्हेनिसमध्ये गोल्डन लायन मिळाला, लियम नीसनला अभिनयाचा पुरस्कार. आयरिश सेन्सॉरनं मारामाऱ्या, शिव्या सगळं असूनही पालकांसोबत मुलांना बघता येईल असं प्रमाणपत्र दिलं. देशाचा इतिहास मुलांनी बघावा, हे कारण.

तो इतिहास किती खरा, यावर रान उठलं. क्रोक पार्कच्या मैदानात २१ नोव्हेंबर १९२० रोजी झालेल्या गोळीबारात चौदा माणसं गेली. चित्रपटात चिलखती गाडी मैदानात घुसून गोळ्या झाडते. प्रत्यक्षात मैदानात ती आली नव्हती. कॉलिन्सचा खबऱ्या पोलीस नेड ब्रॉय पडद्यावर मारला जातो. प्रत्यक्षात तो चांगला जगला आणि पुढे आयरिश पोलीस दलाचा प्रमुख झाला. गाडीत पेरलेला बाँब तर १९७० नंतरच्या बेलफास्टमधून उचलून १९२० मध्ये ठेवलाय. तहाविरुद्ध गेलेल्या डी व्हॅलेराला कॉलिन्सच्या मृत्यूच्या इतकं जवळ नेऊन ठेवलंय की न बोलता बोट दाखवलं जातं. कादंबरीकार म्हणून हे त्याला सहज वाटलं असणार. कादंबरीत आपण दोन माणसं एक करतो, तारखा सरकवतो. पण तीन-चार पिढ्या ज्या भांडणावर राजकीय पक्ष चालले, तिथे बोट दाखवणं हलक्यात घेता येत नाही. एरवी माझी खरी तक्रार इतिहासापेक्षा ज्युलिया रॉबर्ट्सबद्दल आहे. प्रेमप्रकरण आलं की चित्रपटाचा वेग बसतो.

कॉलिन्सच्या पाठोपाठ जॉर्डननं जे केलं ते माझ्या मते त्याचं सर्वांत पक्कं काम. ‘द बुचर बॉय’ (१९९७), पॅट मकेबच्या कादंबरीवरून. सीमेजवळच्या एका गावात फ्रान्सी ब्रेडी नावाचा मुलगा, दारुडा बाप, मनानं खचलेली आई. काळ क्यूबन क्षेपणास्त्र संकटाचा, १९६२ चा. पोरगा सतत बडबडतो, हसवतो, आणि त्या बडबडीतच बघता बघता खुनापर्यंत पोहोचतो. कादंबरी सगळी त्याच्या तोंडून. ती पडद्यावर आणणं अशक्य असं वाटावं अशी. जॉर्डननं मोठ्या फ्रान्सीचा आवाज स्टीफन रेला दिला, छोटा फ्रान्सी म्हणून इमन ओवेन्स हा कॅमेऱ्यासमोर कधी न गेलेला मुलगा घेतला आणि त्याला दिसणारी मेरीमाता म्हणून शिनेड ओ’कॉनर. ही तीच गायिका, जिनं १९९२ मध्ये अमेरिकन टीव्हीवर पोपचा फोटो फाडला होता. निळ्या वस्त्रातली ही देवी मुलाशी गावच्या भाषेत, शिवी देत बोलते. आयर्लंडमध्ये हे करायला धाडस लागतं. बर्लिनमध्ये दिग्दर्शनाचं रौप्य अस्वल मिळालं, तिकीटबारीवर काही नाही. मकेबचीच ‘ब्रेकफास्ट ऑन प्लूटो’ (२००५) त्यानं किलियन मर्फीला घेऊन केली. तिथली किटन ही डिलची दूरची बहीणच, आणि पुन्हा तिच्याभोवती बाँब फुटताहेत.

‘द बुचर बॉय’नंतरचा आलेख एकूण घसरता आहे. ग्रॅहम ग्रीनवरचा ‘द एंड ऑफ द अफेअर’ (१९९९) नीटस, बाफ्टा मिळवणारा. ‘द गुड थीफ’ (२००२) मध्ये निक नोल्टी बघावा. ‘इन ड्रीम्स’ आणि ‘द ब्रेव्ह वन’ मी दुसऱ्यांदा बघणार नाही. ‘ग्रेटा’ (२०१८) मध्ये इझाबेल ह्यूपर मजेत आहे, चित्रपट नाही. ‘मार्लो’ (२०२२) नीसनचा शंभरावा म्हणून लक्षात राहील. टीव्हीवर ‘द बोर्जियाज’ तीन हंगाम चालली. ‘रिव्हिएरा’ मालिकेत त्याचं लेखन इतरांनी बदललं तेव्हा त्यानं हात झटकले.

आता मोजणी. १९८२ ते १९९९ या अठरा वर्षांत बारा चित्रपट. त्यानंतर दोन दशकांत सात. कादंबऱ्यांचं उलटं. १९८३ नंतर थेट १९९४, मग २००४ ची ‘शेड’. पण २०११ पासून पुढे ‘मिस्टेकन’, ‘द ड्राउन्ड डिटेक्टिव्ह’, ‘कार्निव्हलेस्क’, ‘द बॅलड ऑफ लॉर्ड एडवर्ड अँड सिटिझन स्मॉल’, ‘द वेल ऑफ सेंट नोबडी’ अशा पाच, वर २०२४ चं ‘अ‍ॅम्नेझियाक’ हे आठवणींचं पुस्तक. मध्यम बजेटचा, दिग्दर्शकानं स्वतः लिहिलेला चित्रपट जगभरच दुर्मीळ झाला. त्याचे पैसे आटले तसा जॉर्डन टेबलाशी परतला. सिनेमानं कादंबरीकार पळवला होता खरा, पण परत पाठवताना रिकाम्या हातानं नाही. ‘शेड’ची सुरुवात बघा: पहिल्याच पानावर बागेच्या कात्रीनं खून आणि सांगणारी आहे खून झालेल्या बाईचं भूत. ‘कार्निव्हलेस्क’मध्ये जत्रेतल्या आरशांच्या दालनात मुलगा अडकतो आणि त्याचं प्रतिबिंब आईबापांबरोबर घरी जातं. ‘द पास्ट’ लिहिणारा तरुण इतक्या लवकर मुद्द्यावर आला नसता.

यांतली मला सर्वांत जास्त वेळ पुरलेली कादंबरी २०२१ ची. लॉर्ड एडवर्ड फिट्झजेरल्ड हा १७९८ च्या आयरिश उठावाचा सरदारपुत्र पुढारी, अटकेत झालेल्या जखमांनी तुरुंगात मेला. त्याआधी, १७८१ साली, तो ब्रिटिश लष्करात होता आणि दक्षिण कॅरोलिनात युटॉ स्प्रिंग्जच्या लढाईत जखमी होऊन मरायला टेकला होता. टोनी स्मॉल नावाच्या, गुलामीतून निसटलेल्या कृष्णवर्णीय माणसानं त्याला उचललं, वाचवलं, आणि पुढे आयुष्यभर त्याच्यासोबत राहिला. इतिहासात टोनीला चार ओळी आहेत. जॉर्डननं अख्खी गोष्ट त्याच्या तोंडी दिली. जहाजं, लढाया, लंडन, डब्लिन: चित्रपट म्हणून हिला आज कुणी पैसे देणार नाही, कागदावर फुकट. वाचता वाचता शंभरेक पानांनंतर लक्षात येतं की हे दोघं आपल्या ओळखीचे आहेत. एक आयरिश, एक कृष्णवर्णीय, एकाचा जीव दुसऱ्याच्या हातात. फक्त या खेपेला ब्रिटिश गणवेश आयरिश माणसाच्या अंगावर आहे आणि पाणी पाजणारा हात टोनीचा.